उल्का आली तर आत की बाहेर?

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. ऐकता ऐकता ठसका लागला आणि शर्टावर चहा सांडला तर मला बोलायचं नाही. माझ्यापायी आधीच पुष्कळ लोकांचे कपडे खराब झालेत, आणि तेही साधेसुधे नाही, साक्षगंधाचे, तुम्ही साखरपुडा म्हणता त्याचे!

हसता काय? त्या सकाळी तुम्ही माझ्या जागी असता तर तुमचंही धाबं दणाणलं असतं.

मुळात मी भित्रा माणूस. आमच्या भागात त्याची काही लाज नाही म्हणा. कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला चिकटून आमचं गाव. वाघ आहे, अस्वल आहे, रानडुक्कर तर घरच्यासारखं ये-जा करतं. वर आता छत्तीसगडकडून हत्तीही यायला लागलेत. इथे ज्याला भेव नाही तो म्हातारा होत नाही, असं आमच्याकडे समजतात. पण माझं भेव जरा सढळ हाताचं आहे. पान हललं की मी थांबतो, आणि पान हलायचं थांबलं की पळतो.

असा हा माणूस, आणि त्याला काम काय मिळालं? तर रोज सकाळी तलावापलीकडे, जंगलाच्या कडेला, एकट्याने जायचं!

झालं असं की एका संशोधन संस्थेने तिथल्या पडीक जागेत रडार बसवलं. त्यांना देखरेखीला गावातलाच, थोडंफार विज्ञान शिकलेला माणूस पाहिजे होता. अख्ख्या गावात तसा मी एकटाच. शेती सांभाळून रोज एक चक्कर मारायची, यंत्र चालू आहे ना पाहायचं, आणि संस्थेच्या मॅडमना फोन करून सांगायचं. मॅडम दूर शहरात. वाघ माझ्या वाट्याला.

रडार म्हटलं की तुम्हाला गरगर फिरणारी मोठी थाळी दिसते, हो ना? तसं नाही हे. खांबांवर आडव्या सळ्या, मध्ये एक खोली, खोलीत यंत्र आणि लॅपटॉप. आभाळात उल्का पडत असतात ना, त्यांच्यावर नजर ठेवायची. त्या काय फक्त रात्री पडतात? छे! भर दुपारीसुद्धा पडतात, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. आणि मोठ्या नाही हो, तिळाएवढ्या, रेतीच्या कणाएवढ्या. ऐंशी-शंभर किलोमीटर उंचावर जळून खाक होतात. जळताना मागे एक रेघ सोडतात. रडारची लहर त्या रेघेवर आपटून खाली परत येते. वरचा वारा त्या रेघेला ढकलतो, आणि रेघ कुठे सरकली त्यावरून तिथला वारा कळतो. जिथे विमान जात नाही, फुगा पोचत नाही, तिथला वारा! मला तर हे ऐकूनच अंगावर काटा आला होता.

आमच्या सरपंच कुसुमबाईंना मी हे सगळं हातवारे करून समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तिथला वारा कळून आमच्या धानाचं काय होते जी?"

"काही नाई होत, बाई."

"मंग चालू द्या."

तर हे झालं रडारचं. आता माझ्या भाचीचं ऐका, कारण जीव तिच्यात अडकला होता.

वैशाली माझ्या धाकट्या बहिणीची, शेवंताची मुलगी. शेवंताचा नवरा गेल्यापासून मायलेकी आमच्या शेजारच्याच घरात राहतात. पोरगी हुशार, कामाला वाघीण. पण मागच्या वर्षी एक स्थळ जमत आलेलं मोडलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि "घरी जाऊन, विचार करून कळवतो" म्हणून जे गेले ते गेलेच. कारण काही सांगितलं नाही. आणि कारण सांगितलं नाही की गाव स्वतःच कारणं तयार करतं, तुम्हाला माहीत आहे. शेवंता वर्षभर कोणाच्या लग्नाला गेली नाही.

या खेपेला स्थळ होतं गडचांदूरचं. मुलगा प्रफुल आयटीआय करून सिमेंटच्या कारखान्यात लागलेला. वडील डोमाजीभाऊ चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडवणाऱ्या टोळीचे मुकादम. गडचांदूर काही जवळ नाही, आणि जंगलाच्या रस्त्याने अंधारात यायला नको म्हणून पाहुणे आदल्या दिवशीच येऊन मुक्कामाला राहिले होते. साक्षगंध दुसऱ्या दिवशी दुपारी.

सकाळी शेवंता मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, आज तू फक्त उभा राह्यजो. काही बोलू नोको, काही करू नोको."

"अवं, मी काय करतो?"

"तेच म्हणून राह्यली मी. काहीच करू नोको."

मी म्हटलं, बरं. रडारची चक्कर तेवढी मारून येतो. पाहुण्यांचे पोहे होईस्तोवर परत!

माघातली थंडी, गवतावर दव इतकं की चपला चपचप करत होत्या. मोबाईलवर भजन मोठ्याने लावून मी निघालो. देवाला ऐकू जावं म्हणून नाही, वाघाला ऐकू जावं म्हणून. माणूस येतोय हे त्याला आधी कळलं तर तो बाजूला होतो, असं म्हणतात. ज्यांच्यासाठी बाजूला झाला नाही, ते सांगायला राहिलेले नाहीत.

त्यात रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. खांबांच्या बुडाशी जमिनीत पुरलेली केबल ते नाकाने उकरायचे. केबल तुटली तर मॅडम मला उकरतील, या धास्तीने मी आदल्या संध्याकाळी बंदोबस्त करून टाकला होता. माझ्या शेतातलं झटका मशीन आणून रडारभोवती तार ओढून दिली. शेती नसणाऱ्यांना सांगतो, हे बॅटरीवरचं यंत्र असतं. तारेत दर सेकंदाला एक झटका सोडतं. डुक्कर मरत नाही, पण दुसऱ्यांदा वाट चुकत नाही. सकाळी पाहतो तर केबल जशीच्या तशी! मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली आणि खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला.

आणि दोन पावलं मागेच सरलो.

त्या पडद्यावर एक गोल असतो. मधोमध आपण, आणि चहूकडे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक उल्का. रोज कसे, मूठभर तांदूळ फेकल्यासारखे इकडेतिकडे पसरलेले असतात. त्या दिवशी सगळे ठिपके एकाच बाजूला. एकामागे एक, एकाच रेषेत. बाजू कोणती म्हणाल? गावाची!

बाजूला अंतराचा आकडा होता. शंभर किलोमीटर. मी चष्मा काढून पुसला, परत घातला, यंत्राची सगळी बटणं एकेक करून तपासली. पंच्याण्णव. मी खुर्चीवर बसून नुसता बघत राहिलो. नव्वद.

अहो, उल्का येते, जळते, संपते. ही जळत नव्हती आणि संपत नव्हती. ही नुसती येत होती! आमच्या गावाच्या दिशेने, न थांबता, खाली खाली. पंच्याऐंशी. मी भजन बंद केलं. बाहेर वाघ असता तरी चाललं असतं मला, त्याच्याशी निदान ओळख होती!

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? मागे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात आभाळातून भलंमोठं लोखंडी कडं पडलं होतं, आठवतं? कोणत्यातरी रॉकेटचं. मोकळ्या जागेत पडलं म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी आभाळाकडे बोट दाखवलं की माणसं आधी डोक्यावर हात ठेवतात आणि मग वर बघतात.

मॅडमना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. परत तेच. आकडा तोवर ऐंशीवर आलेला. गावात माझी माय, बायको, बहीण, भाची आणि गडचांदूरचे पाहुणे पोहे खात बसलेले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खरंच सांगतो. मी सरपंचबाईंना फोन लावला.

"कुसुमबाई, येऊन राह्यलं! गावावरच येऊन राह्यलं! मोठं आहे!"

"थांबा जी सुधाकरभाऊ, दम घ्या. पहिले एक सांगा. आत का बाहेर?"

हा प्रश्न तुम्हाला कळायचा नाही. आमच्या गावाला संकटं दोन. वाघ आला की सगळ्यांनी आत जायचं, गुरंढोरं आत, दारं बंद. हत्ती आले की सगळ्यांनी बाहेर पडायचं, कारण हत्ती धानाच्या वासाने मातीची भिंत पाडून घरात सोंड घालतो. तेव्हा घर सोडून शाळेच्या स्लॅबवर चढायचं आणि डबे बडवायचे. म्हणून ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून एवढंच सांगितलं तरी पुरतं, आत की बाहेर. लहान पोरांनासुद्धा पाठ आहे.

पण आभाळातून पडलं तर आत की बाहेर? हे कोणी ठरवलंच नव्हतं हो!

"बोला ना जी! भोंगा हातात घेऊन उभी आहो मी!"

मी विचार केला, कवेलूचं छप्पर, मातीच्या भिंती. आत राहिले तर घरंच अंगावर पडतील. "बाहेर!" मी ओरडलो. ओरडल्यावर वाटलं, अरे पण बाहेर तर दगडगोटे थेट डोक्यातच! "नाई नाई, आत!" मग डोळ्यासमोर माझ्या मायची खाट आली, तिच्यावरचं वाकलेलं आढं आलं. "बाहेरच! बाई, बाहेर!"

तिकडून फोन कट. आणि अर्ध्या मिनिटात तलावावरून कुसुमबाईंचा आवाज घुमत आला.

"समस्त गावकऱ्यांना सूचना आहे. येऊन राह्यलं आहे. सुधाकरभाऊनं सांगतलं आहे. पहिले सारे बाहेर निघा, मंग आत जा, अन् मंग परत बाहेर निघा!"

मी लॅपटॉप छातीशी धरला आणि पळत सुटलो. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना, खोली गेली तरी चालेल, लॅपटॉप जाता कामा नये. चपला कुठे गेल्या माहीत नाही. धानाच्या कापलेल्या बुडख्यांनी पाय सोलून निघाले, तेही घरी गेल्यावर कळलं.

गावात शिरलो तर काय सांगावं! निम्मं गाव शाळेच्या स्लॅबवर चढून डबे बडवत होतं. त्यांचा हिशेब हत्तीचा. निम्म्या गावाने दारं लावून घेतली होती. त्यांचा हिशेब वाघाचा. आणि काही प्रामाणिक माणसं सरपंचबाईंनी सांगितल्याबरहुकूम उंबऱ्यातून आत-बाहेर करत होती! एक म्हातारबुवा तर घाईत शेजाऱ्याच्या गोठ्यात शिरून आतून कडी लावून बसले होते, चार बकऱ्यांसोबत.

मांडवात पोह्यांच्या प्लेटा तशाच. पण डोमाजीभाऊ उभे होते. या माणसाची सगळी उमर खाणीत गेलेली, रोज भोंगा वाजतो आणि रोज डोंगर उडतो. बाकीचे पळत होते आणि हे जागेवर उभे राहून हुकूम सोडत होते.

"सुधाकरभाऊ, कायचं आहे?"

"वरून येऊन राह्यलं! दगड असन, लोखंड असन, काही सांगता येत नाई!"

"म्हंजे तुकडे उडतीन. आत नाई अन् बाहेर नाई, आडोशाले जा लागते. तलावाची पाळ कोणत्या बाजूनं आहे?"

मी तलावाच्या बांधाकडे बोट दाखवलं.

"चला सारे पाळीच्या खालच्या अंगानं! पालथे पडा, कानावर हात, अन् तोंड उघडं! तोंड बंद ठेवलं तं कानाचे पडदे फाटतीन!"

आता पाळीच्या खालच्या अंगाला काय असतं? तलावाचं झिरपलेलं पाणी आणि गुडघाभर चिखल! पण विचारतो कोण? नवरदेवाकडच्या बाया नव्या पैठण्या नेसलेल्या, पुरुष पांढऱ्याशुभ्र कपड्यातले, सगळे धपाधप चिखलात पालथे आणि सगळ्यांची तोंडं उघडी. सगळ्यात आधी कोण पडलं होतं? बरोबर ओळखलं. मी. लॅपटॉप पोटाखाली घेऊन.

शेजारी माझी बायको मंदा येऊन पडली. धापा टाकत म्हणाली, "आवो, माय कुठी आहे?"

मी तोंड बंद केलं. पडद्यांचं व्हायचं ते होवो.

माझी माय, मित्रहो, दोन्ही गुडघ्यांनी अधू. खाटेवरून उठायला तिला हात द्यावा लागतो. सकाळी ती आमच्या अंगणात उन्हाला बसली होती. पळत येताना मी स्वतःच्या घरावरूनच आलो होतो. तिने मला हाकही मारली असेल. मला ऐकू आलं नाही. खोटं कशाला बोलू, मी ऐकायला थांबलोच नाही. मघाशी जे भेव वाटत होतं ते या भेवापुढे काहीच नव्हतं.

मी उठणार इतक्यात पाळीवर माणूस दिसला. नवरदेव! प्रफुल! डोक्यावरची टोपी गेलेली, नवा शर्ट खांद्यावर उसवलेला, आणि पाठीवर माझी माय. मागे साक्षगंधाचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून वैशाली, मायची काठी हातात घेऊन. नंतर कळलं ते असं. पळापळीत प्रफुल आमच्या अंगणासमोर आला, तेव्हा वैशाली आजीला एकटीच उठवत होती. तोवर त्या दोघांची एका शब्दाची बोलाचाली नव्हती. वैशालीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उचला!" त्याने उचललं. संपला परिचय.

त्याने मायला हळूच कोरड्या जागेवर बसवलं. मायने मला चिखलात पाहिलं, पोटाखालचा लॅपटॉप पाहिला, आणि पदराने प्रफुलचा घाम पुसला. मला दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

"किती वेळ आहे?" डोमाजीभाऊंनी विचारलं.

भेदरलेल्या डोक्याने मी कसाबसा हिशेब केला. शंभरापासून खाली येत होतं, या वेगाने गेलं तर आता अगदी टेकायलाच आलं असणार. "आत्ताच! कधीही!"

सगळे गप्प झाले. शाळेवरचे डबेही थांबले, का कोण जाणे. शेवंता तोंड उघडं ठेवूनच देवाचं नाव घेत होती, त्यामुळे ते कोणत्या देवाचं हे कळत नव्हतं. मंदाने माझ्या हातावर हात ठेवला. मी डोळे घट्ट मिटले. मला माझं अख्खं आयुष्य काही दिसलं नाही हो, मला फक्त ते ठिपके दिसत होते.

आणि माझ्या खिशात फोन खणाणला!

अशी किंकाळी उठली की तलावावरचे बगळे उडाले. दोघं-तिघं उठून पळाले, डोमाजीभाऊंनी त्यांना पाय धरून परत पाडलं. फोन मॅडमचा होता.

"सर्वांले ऐकू येऊ द्या," डोमाजीभाऊ म्हणाले. "स्पीकरवर टाका."

मी टाकला. माझ्या आयुष्यातली ती दुसरी मोठी चूक. पहिली अजून कळायची होती.

"काय झालं, सुधाकर? इतके फोन?"

"मॅडम, मोठी उल्का गावावर येतेय! एकाच दिशेने! शंभर किलोमीटरवर होती, माझ्यासमोर ऐंशीवर आली!"

"किती वेळात?"

"वीसेक मिनिटं झाली असतील."



"सुधाकर, तुम्ही विज्ञान शिकलात ना? वीस मिनिटांत वीस किलोमीटर. म्हणजे ताशी किती?"

चिखलात पडलेल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"साठ," मी म्हणालो.

"उल्का ते वीस किलोमीटर एका सेकंदात कापते. कधीकधी त्याहूनही लवकर. तुमची उल्का एसटीच्या वेगाने येतेय, सुधाकर."

कोणीतरी उघडं तोंड मिटल्याचा आवाज आला.

"ठिपके दर सेकंदाला एक, असे येत होते का? अगदी ठेक्यात?"

आता आठवून पाहिलं तर होते खरे. टक, टक, टक.

"रडारजवळ तुम्ही नवीन काही लावलंत का? विजेचं काही?"

तुम्हाला केव्हाच कळलं असेल. मला तेव्हा कळलं. मी इतक्या बारीक आवाजात बोललो की मॅडमना दोनदा विचारावं लागलं.

"झटका मशीन, मॅडम."

"काय?"

"झटका मशीन! डुकरांसाठी!"

मॅडमनी मग मला जे समजावलं ते सगळ्या गावाने ऐकलं. दवाने भिजलेलं गवत तारेला टेकलं की तिथे दर सेकंदाला ठिणगी उडते. रडार बिचारं आभाळातली बारीक कुजबुज ऐकायला कान लावून बसलेलं, त्याला ती ठिणगी म्हणजे कानात फटाका. त्याला वाटलं, उल्काच आली. ठिणगीचा ठेका आणि रडार लहर सोडतं तो ठेका किंचित पुढेमागे, म्हणून तो ठिपका जवळ सरकताना दिसत होता. आणि दिशा गावाची का? कारण गावाच्या बाजूच्या कोपऱ्यातलं गवत कापायचा मी कंटाळा केला होता!

"आधी जाऊन ते बंद करा," मॅडम म्हणाल्या. "आणि सुधाकर, हे तुम्ही कोणाला सांगितलं तर नाही ना?"

मी मान वर करून पाहिलं. शाळेच्या स्लॅबवर निम्मं गाव. चिखलात दोन्ही व्याह्यांचं गणगोत. पाळीवर भोंगा हातात घेऊन कुसुमबाई.

"नाही मॅडम," मी म्हणालो.

स्पीकर चालू होता हे तेव्हाही माझ्या लक्षात नव्हतं.

हळूहळू सगळे उठले. कोणी हसलं नाही, त्याचंच मला जास्त भेव वाटलं. नवरदेवाच्या आत्याबाईंच्या पैठणीतून चिखल ठिबकत होता. डोमाजीभाऊंनी कोपरं झटकली, टोपी पिळली, आणि शेवंताकडे पाहून सावकाश म्हणाले, "बाई, आमी आता निघतो. घरी जाऊन, विचार करून कळवतो."

शेवंता मटकन खाली बसली. वैशाली काठी हातात धरून तशीच उभी. मला वाटलं, खरंच पडायला हवं होतं काहीतरी वरून. फार मोठं नको, माझ्यापुरतं.

मी डोमाजीभाऊंचे पाय धरायला वाकलो. "भाऊ, चूक माही आहे. पोरीचा काही दोष नाई जी. मले काय बोलाचं ते बोला, पण पोरीले..."

"बाबा," मधेच प्रफुल म्हणाला, "मले पोरगी पसंत आहे."

"पोरगी मलेही पसंत आहे रे!" डोमाजीभाऊ उखडले. "इथी सारे पळून राह्यले होते तं थे म्हातारीपाशी थांबली. अशी सून दिवा घेऊन हुडकली तरी भेटत नाई. पण मामा पाहून राह्यला न तू? उद्या घरात नातवंडं येतीन. रक्ताचा सवाल आहे."

असं म्हणून ते माझ्या मायसमोर जाऊन उकिडवे बसले. आवाज खाली आणला, पण ऐकू सगळ्यांना आलं.

"बाई, तुमी वडीलधाऱ्या आहा. खरं खरं सांगा. हे असं तुमच्या खानदानात आहे का? म्हंजे याचा बाप, आजा, कोणी?"

मायने माझ्याकडे पाहिलं. मी चिखलाने माखलेला, उघड्या पायांचा, लॅपटॉप छातीशी धरलेला. मग तिने डोमाजीभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना धीर दिला.

"नाई जी, बापू. भेव नोको ठेवू. आमच्या सात पिढ्यात असं कोणी झालं नाई. हा एकटाच शिकला."

डोमाजीभाऊंनी मोठा श्वास सोडला आणि उठून उभे राहिले.

"मंग हरकत नाई," ते म्हणाले. "आणा कुंकू."